ज्याचं तेल, त्याची गाडी

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, स्वतःच्या गाडीतून फिरणारी आणि दुसऱ्याच्या गाडीतून फिरणारी, असं कुणी म्हणालं तर मला लगेच माझ्या आत्याचे मालक आठवतात. ते आयुष्यभर स्वतःच्या जीपमधून दुसऱ्याच्या गाडीत बसल्यासारखे फिरले. आमच्या बाजूला आत्याच्या मालकांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणणार. करकंबपासून तीन कोसांवर, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ते राहत. शेजारच्या वस्तीवर आमचं घर. आमच्या घरात सातवीच्या पुढे गेलेला पहिला मुलगा मी आणि पहिली मुलगी माझी धाकटी बहीण शकू. या दोन्ही गोष्टींत त्या जीपचा वाटा आहे, आणि तो मी आज कबूल केला नाही तर माझ्या शिकण्याला अर्थ नाही.

जीप मिलिटरीतून निघालेली होती. मामांकडे ती आली तेव्हा तिला टप नव्हता, मागची फळी नव्हती आणि हॉर्नच्या जागी एक भोक होतं. मामांनी टप केला, फळी बसवली, आणि भोक तसंच ठेवलं. हॉर्न लागतच नव्हता, कारण जीप येते आहे हे अर्ध्या कोसावरून कळे. ड्रायव्हरच्या पाठीमागे त्यांनी दोन पत्र्याचे डबे टांगले होते आणि त्यांना तोट्या लावल्या होत्या. एकात थोडंसं पेट्रोल. दुसऱ्यात जे मिळेल ते. पेट्रोलवर गाडी चालू करायची, इंजिन तापलं की दुसरी तोटी सोडायची. बहुतेक वेळा त्यात रॉकेल असे. अकलूजच्या बाजूला मामांच्या ओळखीचा एक सुतार होता, तो कपाटांच्या पॉलिशसाठी स्पिरिट आणी, त्यातलं उरलंसुरलं कधी कधी येई. पेट्रोल महागलं त्या वर्षी मोठमोठ्या बागायतदारांच्या गाड्या गोठ्यात उभ्या राहिल्या, पण मामांची जीप धूर सोडत बाजाराला जातच राहिली. कुणी विचारलं तर मामा म्हणत, "प्येट्रोल म्हंजी पुरनपोळी. रोज पुरनपोळी खानाऱ्याचं पोट बिगडतं. रॉकेल ही भाकर. आन् स्पिरिट हे औषीद."

जीपच्या तब्येतीबद्दल त्यांची मतं एखाद्या वैद्यासारखी होती आणि तितकीच न पटणारी. थंडीत तिला स्पिरिट सोसत नाही, उन्हाळ्यात रॉकेलाने तिला पित्त होतं, आणि अमावस्येला तिला काहीच नको असतं. ते बॉनेट उघडून नाक आत घालत, मोठा श्वास घेत आणि निदान सांगत. निदान चुकलं की जीप ओढ्यात बंद पडे. मग मामा शांतपणे धोतर वर खोचून म्हणत, "बघा, म्या म्हनलं व्हतं की हिचं पोट जड हाय." त्यांनी असं काही म्हटलेलं कुणाला आठवत नसे, पण ढकलायला सगळे उतरत. एकदा सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाने, आपल्याजवळ दुसरं काही नाही म्हणून, तांब्याभर करडईचं तेल आणलं. मामांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी ते रॉकेलात ओतलं. पुढचे आठ दिवस जीप जाईल त्या रस्त्यावर भजी तळल्याचा वास दरवळे आणि गावोगावची कुत्री ओळीने मागे धावत. आत्या म्हणाली, एवढीच हौस असेल तर पीठही कालवून टाका.

तो मेंढपाळ तेल घेऊन आला, कारण मामांचा नियमच तसा होता. जीपमध्ये बसणाऱ्याकडून ते पैसे घेत नसत. ज्याच्या घरात जे जळणारं असेल ते त्याने आणायचं आणि डब्यात ओतायचं. आणि ज्याने ओतलं तो मालक. हे ते गमतीने म्हणत नव्हते, खरंच मानत होते. "ज्याचं त्याल, त्याची गाडी," एवढंच त्यांचं म्हणणं. लोकांनीही ते मानलं. शिंद्यांच्या म्हातारीने एकदा बाटलीभर रॉकेल ओतलं, त्यानंतर जीप तिच्या दारावरून गेली की ती कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी राही आणि आपल्या गाडीत ज्वारीचं पोतं टाकून गिरणीवर पाठवी. मुलाण्यांच्या बापूंनी तर आपल्या मुलाच्या लग्नात व्याह्यांना "आमची जीप हाय" असं सांगून ठेवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. एखाद्या दिवशी मामांकडे स्वतः ओतायला काही नसलं की ते मालकी सोडून देत. "आज मी नुसता डायवर," म्हणत आणि कुठे थांबायचं, कुठे वळायचं हे मागच्यांना विचारून ठरवत. पाणी प्यायला थांबायचं झालं तरी परवानगी मागत. मागच्यांनी दिली नाही तर तसेच पुढे जात.

मला सोलापूरच्या कॉलेजात सोडायला हीच जीप आली होती. माझी पत्र्याची ट्रंक, वळकटी, आणि पुढे मामा. डब्यात त्या दिवशी सुताराचं स्पिरिट होतं. तिथल्या सात रस्ता चौकात जीपने आचका दिला आणि बरोबर मध्यावर उभी राहिली. पोलीस आला, वाकला, आणि त्याने वास घेतला. मामांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. पोलिसाने किती घेतली म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला आणि अगदी खरं उत्तर दिलं. "मी न्हाय प्यालो सायेब, ही प्यालीया. दोन बाटल्या." पोलिसाने मामांना खाली उतरवून तोंडाचा वास घेतला, मग बॉनेटचा घेतला, मग पुन्हा मामांचा. शेवटी तो मागे गेला आणि त्याने जीप ढकलायला हात लावला. ती चालू झाल्यावर मामा त्याला ओरडून म्हणाले, आता तुझाही वाटा आहे हिच्यात, करकंबला ये. आणि शहरातल्या पहिल्या दिवसाची माझी धास्ती माझ्याही नकळत हसण्यात विरून गेली.

त्याच वर्षी शकू सातवी झाली. आठवीसाठी करकंबला जावं लागे. मधे तीन कोस, ओढा, आणि एसटी आमच्या वस्तीकडे वळतच नव्हती. वडील वाईट नव्हते, पण म्हणाले, पोरगी एकटी कशी जाईल, पुरे झालं. मामांना कुणी विचारलं नव्हतं. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला आणि उठताना म्हणाले, "गाडी हाय की तिची. सोमवारी बाटलीभर रॉकेल घिऊन पाठवा." सोमवारी शकू बाटली घेऊन उभी राहिली. आठवड्याभरात शेजारच्या वस्त्यांवरून आणखी तीन मुली आल्या. रेशनच्या रॉकेलातलं घोटभर रॉकेल प्रत्येक घराने बाजूला ठेवलं. चुलीवर भागवू, पण बाटली भरू, असं बायकाच म्हणू लागल्या. आठवी, नववी, दहावी. रोज सकाळी चार मालकिणी मागे बसत आणि मामांना उशीर केल्याबद्दल सुनावत.

चौघी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षाला, आल्या आणि कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला. ही जीप भाडं घेऊन माणसं नेते आणि भलतंसलतं इंधन जाळते. तपासणीसाठी गाडी सोलापूरला आरटीओ कचेरीत हजर करा, असं बोलावणं आलं. जीप बंद झाली असती तर चौघींची शाळा परीक्षेच्या तोंडावर सुटली असती, हे सगळ्यांना माहीत होतं. मामा एरवी कशालाच घाबरत नसत. त्या दिवशी मात्र निघण्यापूर्वी बॉनेटमध्ये नाक घालायलाही विसरले. मी कॉलेजातून येऊन त्यांच्याबरोबर उभा राहिलो. शिकलेला माणूस म्हणून मी बोलावं, असं ठरलं होतं, पण तिथल्या साहेबांनी प्रश्न मामांनाच विचारले.

गाडी कुणाच्या मालकीची, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "आज व्हय? आज शिंद्याच्या म्हातारीची. काल मुलान्याची व्हती."

कागदावर तर तुमचं नाव आहे, साहेब म्हणाले.

"कागदावर आसंल की. पन त्याल मी कुटं घातलंय?"

साहेबांनी चष्मा काढला. इंधन कुठलं म्हणून विचारलं. मामांनी सांगितलं, ज्या घरात जे असेल ते. मग माणसं भाड्याने नेता की नाही, असं विचारल्यावर मामा पहिल्यांदा थोडे दुखावले. आपल्या गाडीत बसायला कोण भाडं देईल, ते म्हणाले, मालकच बसतात सगळे. साहेब उठून बाहेर आले. जीपभोवती एक फेरी मारली. डबे, तोट्या, हॉर्नचं भोक, सगळं पाहिलं. ही गाडी मी पास करू शकत नाही, असं त्यांनी अगदी हळू सांगितलं. मामांनी मान हलवली. मग म्हणाले, "सायेब, चार पोरी हायत्या. अकरावीला. हितनं पुढं त्या शाळंला चालत जानार न्हाईत, घरीच ऱ्हातील."

परीक्षा कधी, एवढंच साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं. मार्चमध्ये, मी म्हणालो. ते आत गेले, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि म्हणाले, "एप्रिलमध्ये आणा. आज मला वेळ नाही. तोपर्यंत मी ही गाडी पाहिलेली नाही. पण एप्रिलमध्ये नक्की आणा."

"आनतो," मामा म्हणाले.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. मामांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, त्या माणसाची आई नाहीतर बहीण कधीतरी अशीच घरी राहिली असेल.

मार्चमध्ये चौघींनी परीक्षा दिली. एप्रिलमध्ये मामा जीप घेऊन सोलापूरला निघाले, मीही बरोबर होतो. सगळ्यांनी सांगून पाहिलं की आता कोण विचारतंय. खरोखरच कुणी विचारत नव्हतं. त्या साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांना काहीच ठाऊक नव्हतं आणि त्यांनी आम्हाला घरी जायला सांगितलं. मामा जाईनात. सकाळपासून दुपार टळेपर्यंत ते आपली गाडी नापास करून घेण्यासाठी बसून राहिले. अखेर साहेब वैतागून म्हणाले, "अहो बाबा, चालू गाडी बंद करा म्हणून कुणी मागं लागतं का?"

"शबुद दिलाय त्यास्नी," मामा म्हणाले. "त्यांनी त्यांचा पाळला."

नापासाचा शिक्का घेऊन संध्याकाळी एका भंगारवाल्याच्या दारात आम्ही जीप सोडली. मामांनी डब्यात उरलेलं रॉकेल शेजारच्या एका चहावाल्या बाईला तिच्या स्टोव्हसाठी देऊन टाकलं आणि मागे न बघता चालू लागले.

शकू पुढे शिक्षिका झाली, बाकीच्या तिघींपैकी एक परिचारिका झाली, आणि मी पदवीधर झालो. आमच्या वस्तीवर आता एसटी वळते. मामा ते बघायला राहिले नाहीत. पण मला त्यांची आठवण येते ती त्या दिवशीच्या परतीच्या एसटीतली. खिडकीशी बसून ते लगेच झोपले, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि प्रत्येक चढाला झोपेतच त्यांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जात होता. मी हललो नाही. करकंब आलं तरी मला त्यांना उठवणं जमेना. शकू स्टँडवर वाट बघत उभी होती. तीच गाडीत चढली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "उठा मामा. चालत जाऊ आपण. मी हाय संगं."