तळघराची गरम भिंत

आमच्या गल्लीत तिला सगळे अळंबीवाली म्हणत. नवरा गेल्यावर घराचं तळघर तिच्या वाट्याला आलं आणि मागची लाँड्री धाकट्या दिराच्या. त्या गार, काळोख्या खोलीत तिने भुशाच्या पिशव्या टांगून अळंबी पिकवली. हॉटेलवाले दाराशी येऊ लागले. "अंधारात बसून उजेड पाडतेय," असं ती स्वतःच हसून सांगायची.

दिराने लाँड्रीसाठी जमिनीत खड्डा करून नवा बॉयलर बसवला, तो नेमका तळघराच्या भिंतीपलीकडे. मध्ये फक्त काही हात माती. तरी खोलीला झळ लागली नव्हती. यंदा मात्र उन्हाळा कडक निघाला आणि ती धास्तावली. माती ओली असली की गारवा राहील, असं तिला वाटलं. माठ नाही का गार राहत? ती रोज वरून मधल्या मातीच्या पट्ट्यावर पाणी सोडू लागली.

थोड्याच दिवसांत भिंत हाताला कोमट लागली. तिने पाणी वाढवलं. भिंत आणखी तापली. अळंबीची कोवळी बोंडं पिवळी पडून सुकली, पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली.

बॉयलर दुरुस्तीला आलेल्या मेस्त्रीला तिने खाली नेलं. त्याने भिंतीला तळवा लावला.

"पाणी कोण घालतं इथे?"

"मीच."

"अहो ताई, कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते, ती उष्णता अडवते. तिच्या जागी पाणी शिरलं की उष्णता थेट इकडे येते. माठाचं पाणी वाऱ्यावर उडतं, म्हणून तो गार. जमिनीखाली कुठलं उडणार?"

ती तशीच वर गेली आणि तिने नळ बंद केला.

पण ती चिकणमाती वाळेना. ती दिराकडे गेली.

"भाऊजी, थोडे दिवस बॉयलर बंद..."

"आणि कपड्यांना इस्त्री काय तोंडाच्या वाफेवर करू, वहिनी?" बोलून तोच ओशाळला. पण बॉयलर चालूच राहिला.

मग तिने ओली माती खणून काढायला घेतली. भुसभुशीत झालेल्या जागेत लाँड्रीच्या गटाराचं पाणी पाझरलं आणि खड्डा भरला. त्या दिवशी तिने फावडं टाकलं ते टाकलंच. कुजलेल्या पिशव्या एकेक करून उकिरड्यावर नेल्या.

आता ती दिराच्याच लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. पहिल्या दिवशी तिने जावेला विचारलं, "रविवारी सुट्टी असते ना गं?"

"सुट्टी?" जाऊ म्हणाली. "ताई, रविवारी तर कपडे जास्त येतात."