डेल्बर्टच्या कमरेतल्या दहा गोळ्या

तीस वर्षांत आपण किती गोऱ्ह्यांच्या कानांत गोळ्या सोडल्या, हे डेल्बर्ट टीगला स्वतःलाही सांगता आलं नसतं. उत्तर टेक्सासातल्या त्या धुळकट फीडयार्डात, म्हणजे कत्तलीआधी गुरं पोसायच्या वाड्यात, त्याचं कामच ते. खच्ची केलेला गोऱ्हा शिकंज्यात अडकवायचा, कानाच्या कातडीखाली सुई घालून हार्मोनच्या गोळ्या ओळीने सोडायच्या, म्हणजे अंगावर मांस चढतं. मग अंगठ्याने कान दाबून बघायचं, सगळ्या जागेवर बसल्यात ना. न दाबताच पुढचं जनावर घेणाऱ्या गड्याच्या सात पिढ्यांचा तो उद्धार करायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तीच पाळी त्याच्यावर आली. दीड वर्ष अंगात त्राण नव्हतं. दुपारी ट्रकमध्येच डोळा लागायचा, आणि घरी बायकोकडे पाठ करून तो पलंगाच्या कडेला पडून राहायचा. रोंडा एरवी मिठावरूनही भांडणारी बाई, पण या बाबतीत चकार शब्द बोलली नाही. फेब्रुवारीत उशी उचलून मागच्या खोलीत झोपायला गेली, एवढंच. भांडली असती तर परवडलं असतं. आता ही कायमचीच गेली की काय, या धास्तीने त्याला घास गोड लागेना.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, फारच खाली गेलंय म्हणाल्या, आणि कमरेखाली कातडीत दहा गोळ्या घातल्या. त्याने कोणालाच सांगितलं नाही. यार्डातल्या क्लिंटला कळलं असतं, तर ‘‘काय गड्या, तुलाही खच्ची केलं वाटतं?’’ हे मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

‘‘पाच दिवस ओझं नाही, घोडा नाही आणि जखमेला हात नाही,’’ बाईंनी बजावलं होतं. ‘‘गोळ्या आतच विरघळतात, परत काढता येत नाहीत. पण जखम मिटली नाही तर आपणहून बाहेर पडतात.’’

घोड्यावर तो बसला नाही. अंगठा मात्र ऐकेना. न्हाणीघराची कडी लावून तो दिवसातून दहादा दाबून बघायचा. कधी नऊ लागायच्या, कधी दहा, एकदा तर अकरा. पू होऊन सुजलेले, गोळ्या बाहेर टाकलेले कान त्याने थोडे पाहिले होते का? दाबलं की धीर यायचा, आणि घटकाभराने पुन्हा जीव टांगणीला.

चौथ्या दिवशी रविवार होता. चर्चला निघण्याआधी रोंडा त्याच्या पलंगाची चादर बदलायला आली. चादरीवर रक्ताचा डाग होता, आणि तांदळाच्या दाण्याहून जराशी जाड पांढरी गोळी. रोंडा गुराख्याची पोर. जनावरांच्या कानातल्या असल्या गोळ्या ती लहानपणापासून बघत आलेली.

‘‘डेल्बर्ट, ही कुठल्या कानातली?’’

शर्टाची बटणं लावणारे त्याचे हात थांबले.

‘‘जनावराचं औषध टोचून घेतलंस? अरे मूर्खा, मरशील ना!’’

‘‘माणसांचंच आहे गं. डॉक्टरीणबाईंनी घातलंय.’’

‘‘मग बाहेर कशी आली?’’

‘‘दाबून बघत होतो.’’

‘‘ढुंगण आहे ते, कान नव्हे!’’ ती ओरडली, पण हसली नाही. ‘‘आणि हे सगळं मला चोरून? कशासाठी?’’

त्याने मान खाली घातली. ‘‘तू मागच्या खोलीतून परत यावीस म्हणून.’’

रोंडा पलंगावर बसली. ‘‘मला वाटलं, तुला माझाच कंटाळा आलाय. दीड वर्ष नुसती पाठ बघत कोण झोपेल रे?’’

मग तिने दवाखान्याचा तातडीचा नंबर फिरवला. कोपरापर्यंत हात धुतले, नर्सने फोनवर सांगितलं तसं जखम पुसून पट्टी लावली आणि खोलीतून निघून गेली. डेल्बर्ट तिथेच उभा राहिला. सांगून टाकलं ते चुकलंच, असं त्याला वाटायला लागलं.

ती परत आली ती उशी घेऊन. ‘‘जखम मिटेपर्यंत तुझा अंगठा धरून झोपणार आहे मी.’’

‘‘रोंडा, आत नऊच राहिल्यात गं,’’ तो म्हणाला. ‘‘नऊंनी नाही भागलं तर? काहीच झालं नाही तर?’’

उशी आपल्या जुन्या जागी ठेवत ती म्हणाली, ‘‘मी कुठे मोजतेय?’’