धुराची राखण

आईचा खोकला ऐकून मीच हट्टाला पेटले. खापर गावाच्या वर डोंगरात आमचा पाडा. मी खाली खापरला शाळेत शिकवते, म्हणून घरात माझ्या शब्दाला जरा जास्तच वजन. डॉक्टर म्हणाले होते, "हिचा धूर बंद करा, नाहीतर पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगत नाही." झालं! मी गोबरगॅस आणला. रबराची मोठी पिशवी, शेण कालवायची टाकी, नळी, शेगडी. अर्धे पैसे सरकारी योजनेचे, अर्धे माझे.

भावाला मी बोटांवर मोजून फायदे सांगितले. लाकडाच्या मोळ्या वाचणार, मोळीमागे जाणारी आईची सकाळ वाचणार, जंगल वाचणार, उरलेलं शेणपाणी शेताला.

"इतकं सगळं फुकटात? कुठंतरी मेख असणार," तो म्हणाला.

"तुला जिथंतिथं मेखच दिसते," मी त्याला झापलं.

चूल विझवली त्या दिवशी आईने फक्त वर बघितलं. छताचे बांबू त्याच वर्षी बदललेले. त्यांना, बरोबर चुलीवर, मक्याची कणसं टांगलेली. ते आमचं बियाणं. आईने लग्नात माहेराहून आणलेला पांढरा मका. आता तो माहेरातही कुणाकडे उरलेला नाही. ती म्हणाली, "आणि ह्यांचं काय?"

"कणसं काय पळून जाणारेत?" मी हसले. ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

खोकला खरंच कमी झाला. हिवाळाभर आई शांत झोपली. मी पाड्यात मिरवत हिंडले आणि आणखी सहा घरांनी माझ्या भरवशावर चुली विझवल्या.

उन्हाळ्यात एका दुपारी मी भाकरी थापत होते. परातीत वरून पिवळसर भुकटी पडली. मी हात थांबवला, तेव्हा ऐकू आलं. कुर्र, कुर्र. छतात कुणीतरी दात लावून बसल्यासारखं. भावाने एका बांबूवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला; भुंग्याने बांबू आतून पोखरला होता.

कणसं खाली काढली तर हाताला वजनच लागेना. दाणे पोकळ, आणि त्यांतून निघालेले सोंडे किडे मनगटावर चढायला लागले. आईने एकेक कणीस उलटंपालटं करून पाहिलं. पेरण्याजोगं एकही नव्हतं.

बाजारात बियाणं मिळतं, हो, पण पुढच्या वर्षी पुन्हा विकतच घ्यायचं. छप्पर बदलायचं तर लोखंडी पाइप, पत्रे, गवंडी. योजनेच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, छपराचं आमच्याकडे येत नाही." येणार कसं? माझ्या मोजणीत तरी कुठे आलं होतं! तो मेला धूर आईची छाती जाळत होता आणि भुंगे-सोंडे दूर ठेवून आमच्या घराची राखणही करत होता. दोन्ही खरं. मी एकच बाजू मोजली.

आता त्या सहा घरांत गेले की मी आधी छताकडे कान लावते. चार घरांत तीच कुर्रकुर्र ऐकू येते. घरच्यांनी अजून वर पाहिलेलं नाही. ते मला चहा देतात. मी चहा पिते आणि काही न सांगता उठते. लाज वाटते, पण तोंड उघडत नाही.

गेल्या रविवारी घरी पोचले तर कौलांतून धूर निघत होता. आई चुलीपुढे बसून लाकडं फुंकत होती.

"आई, ठेव ती फुंकणी!" मी ओरडले.

"घर डोक्यावर आलं तर तुझा गॅस कुठे ठेवू?"

"अगं, एकदा लागलेला भुंगा धुराने जात नाही!"

"बघू. तू बाहेर बस. तुला धूर सोसत नाही."

मी ओट्यावर बसले. आत खोकला सुरू झाला, तोच जुना, पोटातून येणारा. मी कुडाला कान लावला. वरची कुरकुर थांबली नव्हती.