पाणवठ्याची वही

आमच्या गावाजवळच्या अभयारण्यात वनरक्षक सुमनताई उन्हाळाभर पाणवठ्याकाठची माती झाडूनं सारखी करून ठेवतात. रात्रीतून कोण पाणी पिऊन गेलं, ते सकाळी ठशांवरून वहीत लिहितात आणि ठसे पुसून टाकतात.

आज मी त्यांच्या आधी पोचलो. भेकराच्या खुरांचे बोटभर ठसे बघायच्या घाईत तिथंच माझी चप्पल उमटली. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी लिहिलं : भेकर एक, साळिंदर एक, माणूस एक.

“अहो ताई, मला कशाला लिहिता?”

“पाण्यावर आला, तो लिहायचा.”

मग झाडूनं आम्हा तिघांनाही सारखंच पुसलं. पण ती दोघं तहानेनं आली होती, मी नुसता हौसेनं. उरलेला उन्हाळा मी रोज जाणार आहे, झाडलेल्या मातीवर पाऊल न टाकता, आणि त्या वहीत पुन्हा एकदाही सापडणार नाही.