चौथ्या कोपऱ्यावरचे सासरे

ऑफिसातलं काम जेवढं रेंगाळतं तेवढे किस्से वाढत जातात, हा माझा अनुभव आहे. रस्त्याच्या विभागात मी ज्युनिअर इंजिनिअर. कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या चौकाच्या सुधारणेचं काम आमच्याकडे आलं आणि असं काही रेंगाळलं, की आजही डब्याच्या सुट्टीत कुणी नुसतं 'चौक' म्हटलं तरी सगळ्यांचे घास घशात अडकतात. नवीन आलेल्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ते काम माझ्याकडे, कारण हातवारे मी चांगले करते!

तर आधी चौक समजून घ्या. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन तालमी, तिसऱ्यावर मिसळीचं हॉटेल आणि चौथ्यावर किराणा दुकान. वळताना एसटी अडकली की चारी बाजूंनी हॉर्न सुरू.

आमचे उपअभियंता चौगुले साहेब रिटायरमेंटला आलेले. "सगळी नोकरी खड्डे बुजवण्यात गेली मॅडम," ते म्हणायचे, "जाताना एक चौक तरी नीट करून जाऊ दे की!" हे ऐकलं की मला खरंच गलबलून यायचं.

अडचण एकच होती. ते किराणा दुकान साहेबांच्या सासऱ्यांचं होतं. साहेब कंत्राटदाराला घाम फोडायचे, नगरसेवकाशी भांडायचे, पण सासऱ्यांसमोर त्यांच्या तोंडून 'हो', 'बरं' आणि 'नको' याच्या पुढं चौथा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता.

*

पहिल्यांदा झाली वाहनांची मोजणी. त्यासाठी पुण्याहून एक कन्सल्टंट आले होते, अगदी इस्त्रीतले. दुचाकी, रिक्षा, ट्रक असं सगळं टॅबवर टिपत होते. तेवढ्यात दूध कट्ट्याकडं, म्हणजे गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात तिकडं, निघालेल्या म्हशी चौकात आल्या.

"यांना कशात धरायचं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "स्लो मूव्हिंगमध्ये टाका."

म्हशींचा मालक मागंच होता. त्यानं ऐकलं आणि जागेवर थांबला. म्हशीही थांबल्या. सगळा चौक थांबला.

"ओ पावणं, स्लो कुणाला म्हंतायसा? पाडव्याच्या शर्यतीत हिनं मोटरसायकल मागं टाकलीया! चला, आत्ता पळवून दावतो!"

कन्सल्टंटनी हात जोडले. म्हैस फास्ट मूव्हिंगमध्ये गेली तेव्हाच रस्ता मोकळा झाला. तो रिपोर्ट पुण्यात कुणी वाचला असेल, तर कोल्हापूरबद्दल त्याचं काय मत झालं असेल देव जाणे.

*

मग नागरिकांची सभा. असा एकमुखी पाठिंबा मी कुठल्याच प्रकल्पाला पाहिलेला नाही!

मिसळवाले तात्या उठले. "रुंदीकरण झालंच पायजे. पर माझ्या समोरच्या बाजूनं!"

समोरच्या बाजूला एक तालीम. त्यांचे वस्ताद उठले. "आमचा बी शंभर टक्के पाठिंबा. फकस्त तात्यांच्या बाजूनं!"

दुसऱ्या तालमीचे अध्यक्ष म्हणाले, "भांडण नगं. दोन्हीकडनं घ्या. आमच्याकडनं न्हाय!"

कन्सल्टंट सगळं लिहून घेत होते. शेवटी त्यांनी बेरीज केली आणि माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, यांच्या म्हणण्याप्रमाणे चौक करायचा तर हवेतच करावा लागेल." त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तांबडा रस्सा प्यायला. दुःखात माणूस काहीही करतो.

*

ट्रायलची तर वेगळीच गंमत. वाळू भरलेली बॅरल मधोमध ठेवून आम्ही एक तात्पुरतं सर्कल केलं आणि मोठ्या साहेबांना बघायला बोलावलं.

काय सांगू, गाड्या लोण्यासारख्या सरकत होत्या! ना हॉर्न, ना शिव्या. कन्सल्टंट फोटो काढून दमले. मोठे साहेब खूश. "चौगुले, हे असंच कायमचं करता येईल का?"

चौगुले साहेब अवघडले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "येईल सर. पण रोज या दोन तालमींत फुटबॉलची फायनल ठेवायला लागेल. आज आख्खं गाव मैदानावर आहे."

संध्याकाळी जिंकलेल्या तालमीची मिरवणूक चौकात आली. पोरांनी आमची बॅरल रिकामी केली आणि वाजवत वाजवत नेली. दुसऱ्या दिवशी ती हरलेल्या तालमीच्या दारात ओळीनं उभी केलेली सापडली.

*

ती बॅरल बघूनच साहेबांना युक्ती सुचली. कोल्हापुरात विनंतीनं जे होत नाही ते ईर्षेनं होतं!

साहेब वस्तादांकडं गेले, चहा प्यायले आणि उठता उठता सहज म्हणाले, "समोरची तालीम पाच फूट कट्टा मागं घेईल असं वाटतंय. तुम्हाला जमणार नाही, मी समजू शकतो."

"जमणार न्हाय? आमाला?" वस्ताद उभे राहिले. "सात लिवा!"

ही बातमी रस्ता ओलांडेपर्यंत समोरच्यांनी नऊ जाहीर केले. दुपारी दोन्हीकडची पोरं आपापला कट्टा आपापल्या हातानं फोडत होती, वर हलगी लावून! तात्या शेड काढायला तयार नव्हते, तर दोन्ही तालमींनी मिळून त्यांच्याकडची मिसळ खाणं बंद केलं. शेड किती दिवस टिकणार?

कन्सल्टंट आले, बघितलं आणि मटकन बसले. "साहेब, आता चौक रस्त्यापेक्षा मोठा झालाय."

"असू दे की," वस्ताद म्हणाले, "आता रस्त्याला ईर्षा लावा!"

*

तीन कोपरे मोकळे झाले. राहिला चौथा. एसटी वळायची तर दुकानाच्या दगडी पायऱ्या काढाव्या लागणार होत्या, आणि त्या पायऱ्यांवर साहेबांचे सासरे, म्हणजे अप्पा, दुकान उघडल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ बसत आलेले.

साहेबांनी मला पुढं केलं. "मॅडम, तुम्ही बोला."

मी गेले. अप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ज्याला पायजे त्यानं यावं."

साहेब दोन दिवस रजेवर गेले. पण रिटायरमेंट काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. शेवटी एका सकाळी नकाशाची गुंडाळी काखेत मारून ते निघाले. मला सोबत घेतलं, साक्षीदार म्हणून की आधार म्हणून, मला माहीत नाही.

अप्पांनी चहा मागवला. साहेब पावसाबद्दल बोलले. दुसरा चहा आला. साहेब उसाच्या दराबद्दल बोलले. मग नकाशा पसरून 'टर्निंग रेडियस' वगैरे सुरू झालं. बोट नकाशावर पायऱ्या सोडून सगळीकडं फिरतंय.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "काय मागायलेत ह्ये?"

मी साखरेच्या पोत्याकडं बघत राहिले. मला सांगता आलं असतं, पण हे साहेबांनीच बोलायला हवं होतं.

साहेबांनी डोळे मिटले. "अप्पा, पायऱ्या पायजेत."

तेल घ्यायला आलेली बाई किटली तशीच धरून उभी राहिली. अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. पायऱ्यांकडं बघितलं. मग जावयाकडं.

"लग्नात इचारलं, काय पायजे? नको म्हणालासा. पयल्या दिवाळीला अंगठी करतो म्हटलं, नको. गाडी घ्या म्हटलं, नको. मला वाटायचं, मानूस आमच्यावर रुसलाय का काय. लोकांचे जावई मागून मागून बेजार करत्यात, आणि आमचा..."

अप्पा ताडकन उठले. ते वळले आणि आतल्या दाराकडं बघून एवढ्या मोठ्यानं ओरडले, की समोरच्या दोन्ही तालमींतून माणसं बाहेर आली.

"अगं, भायेर ये लवकर! नारळ आण, टावेल-टोपी आण! जावयानं तोंड उघडलं!"