सरकीचा उतार

बर्फावरून लाकडी फळ्यांवर उभं राहून घसरत खाली येणं, हे फौजेत एक काम असतं, हे मला लग्नानंतर कळलं.

आमचे हे तेव्हा काश्मीरकडे शिपाई होते आणि मी दिग्रसला सासरी राहून मुलींच्या शाळेत शिकवत होते. सुट्टीवर आले की ते सांगायचे, की तिथं सरकार माणसाला घसरायला शिकवतं. सासूबाईंना ते पटत नसे. घसरायला शिकावं लागतं का, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात आमच्या विहिरीच्या वाटेवर अख्खी आळी न शिकताच घसरत होती.

साठ सालाच्या मागेपुढे हे कायमचे परत आले. यवतमाळच्या एसटीतून उतरले तेव्हा खांद्यावर पत्र्याची पेटी होती आणि डावा पाय जरा जपून टाकत होते. घरी आल्यावर सासूबाईंनी बूट काढायला लावला. पायाची दोन बोटं नव्हती.

"थंडीनं बोटं जातेत?" सासूबाईंनी विचारलं.

"जातेत, माय."

"स्वेटर नव्हता?"

"होता."

मग सासूबाईंनी चुलीवर पिठलं ठेवलं. या विषयावर आमच्या घरात एवढंच बोलणं झालं.

गावातल्या एका जिनिंगात ह्यांना जमादाराचं काम मिळालं. फाटकावर उभं राहायचं, कापसाच्या गाड्या आत घ्यायच्या, आणि कोणी विडी ओढत आत शिरत नाही ना, ते बघायचं. कापसाला आगीची फार भीती. ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून विडी ओढावी असं कोणाला वाटतही नसे, त्यामुळे शेठजी खूश होते. घरीही ह्यांचं बोलणं बेताचंच होतं. भाजीत मीठ विसरलं तरी सांगायचे नाहीत, जेवून उठायचे.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी हे सुताराकडून दोन सागवानी फळ्या घेऊन आले. माणसाच्या उंचीहून लांब, पंज्याएवढ्या रुंद, एका टोकाला वर वळलेल्या. वळण यावं म्हणून सुतारानं त्या उकळत्या पाण्यात ठेवून वाकवल्या होत्या. मधोमध पाय अडकवायला चामड्याचे पट्टे होते. सासूबाईंना वाटलं, पाळण्याचं सामान आलं. त्यांनी मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नाही म्हटलं.

"कायच्या हायेत या?" त्यांनी लेकाला विचारलं.

"घसराच्या."

"कुठून?"

"टेकडीवरून."

"काहून? टेकडीवर काय हाय?"

"उतार हाय," हे म्हणाले.

गावाबाहेरच्या त्या टेकडीवर कमरेएवढं गवत वाळून पिवळं पडलं होतं. वाळलेलं गवत बर्फाच्या खालोखाल निसरडं असतं, असं ह्यांचं मत होतं, आणि ते खरं निघालं. टेकडी चांगली म्हणायला बरीच कारणं होती. घरापासून जवळ. कोणाला विचारायला नको. हवा कोरडी, बोटं गळून पडण्याची भीती नाही. वाईट म्हणायलाही कारणं होती, पण ती खाली पोचल्यावर समजली.

पहिल्या रविवारी मीही ह्यांच्याबरोबर गेले. एकट्या माणसानं असं काही केलं तर लोक भलतंसलतं बोलतात. नवरा-बायकोनं मिळून केलं तर काहीतरी व्रतबित असेल असं समजतात.

ह्यांनी वर जाऊन पट्टे आवळले, हातात दोन बांबूच्या काठ्या घेतल्या, गुडघे वाकवले आणि सुटले. अर्धा उतार फार छान गेला. गवतातून तितर उडत होते आणि आमच्या घरात पाय जपत भिंतीकडेनं चालणारा हा माणूस सरळ, मोकळा, खाली येत होता. मी बघतच राहिले. पुढं गवतात एक दगड होता. त्यानंतर एक बाभूळ होती. ह्यांना बाभळीनं थांबवलं.

मी धावत गेले. "लागलं का जी?"

"नाई."

"मंग उठा ना."

"थोडं लागलं," हे म्हणाले.

घरी मी काटे काढले आणि सासूबाईंनी कुसळं. कुसळ कपड्यात शिरलं की मागे निघत नाही, पुढेच सरकतं. दुसऱ्या दिवशी हे फाटकावर उभे होते ते जरा अंग चोरूनच.

पुढच्या रविवारी ह्यांनी आधी दगड वेचले. मग पुन्हा घसरले. तांड्यावरचा एक म्हातारा त्या टेकडीवर गुरं चारायला यायचा. तो काठीवर हनुवटी टेकून बघत राहायचा. एकदा त्यानं विचारलं, "जमादार, खालीच याचं होतं, तं वर कायले गेले?"

ह्यांनी पट्टे सोडले. "फौजेत बी हे कोनं सांगतलं नाई," असं म्हणाले, आणि फळ्या खांद्यावर टाकून पुन्हा वर निघाले.

थोड्याच दिवसांत त्या म्हाताऱ्यानं आणि त्याच्या लोकांनी गवत कापून नेलं. खाली नुसते खडक राहिले. त्या वर्षापुरता तो विषय मिटला, असं मला आणि सासूबाईंना वाटलं.

जिनिंग तेव्हा भरात होतं. कापसातलं बी वेगळं करणाऱ्या रेच्यांतून रुई एका बाजूला पडायची आणि सरकी दुसऱ्या बाजूला. ती सरकी आवारात एकावर एक टाकत जायचे. माघापर्यंत दुमजली घराएवढा ढीग व्हायचा. प्रत्येक बीला बारीक पांढरी लव असते, त्यामुळे लांबून तो ढीग करडा-पांढरा दिसे. हे फाटकावर उभे राहून दिवसभर त्याच्याकडे बघायचे.

एकदा जेवताना म्हणाले, "सरकी सरकते."

"कोन म्हनते?" मी विचारलं.

"पाय ठेवून पाह्यला."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं.

ह्यांनी रीतसर परवानगी काढली. शेठजींना जाऊन म्हणाले, की रविवारी रेचे बंद असतात तेव्हा ढिगावर चढून पाहतो. सरकीचा ढीग आतून तापतो आणि कधीकधी पेटतोही. जमादार ते तपासणार, असं शेठजींना वाटलं. "पाहा, पाहा," म्हणाले.

त्या रविवारी कापूस निवडणाऱ्या काही बाया आवारात बसून पोती शिवत होत्या. त्यांची मुकादमबाई अंगानं थोराड, आवाजानं त्याहून. हे फळ्या घेऊन ढिगाकडे निघाले आणि मी मागे, तेव्हा तिनं सुई थांबवली. "काय व मास्तरीनबाई, जमादाराले काय झालं?"

"काई नाई. फौजेत असंच करतेत," मी म्हटलं.

ढिगावर चढणं हे भयंकर काम होतं. पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा आणि दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली यायचं. हे माथ्यावर पोचेपर्यंत बायांचं अर्धं पोतं शिवून झालं होतं. मग त्यांनी पट्टे बांधले आणि सुटले.

आवाज फार नव्हता. नुसतं हलकं सळसळणं, आणि त्यांच्याबरोबर सरकीचा एक पट्टा वाहत खाली येत होता. बाभूळ नव्हती, दगड नव्हता. हे तळाशी आले, गुडघ्यांत जरासे लवले, आणि उभेच राहिले. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. पण हे आमच्याकडे पाठ करून तसेच उभे होते. मला वाटलं पायात काही गेलं, म्हणून जवळ गेले.

"आवाज तसाच येते," हे म्हणाले.

"कसा?"

"बर्फावानी." ह्यांनी वाकून पट्टा सोडला. "माह्या जोडीले एक होता. पंजाबातला. त्यानंच मले शिकवलं. तो हासत हासत उतरे. एक दिवस वरतून पहाडाचा बर्फच सुटला. तो पुढं होता, मी बाजूले. आमी हातानं खोदलं. लई खोदलं. तवाच बोटं गेले."

"सापडला?"

"सापडला."

त्यांच्या कानामागं आणि केसांत सरकी अडकली होती, ती मी एकेक करून काढत राहिले. भर दिवसा, लोकांसमोर, मी ह्यांना असा हात कधी लावला नव्हता.

तेवढ्यात मागून मुकादमबाई ओरडली, "जमादार, झालं का तुमचं? आता आमाले बी येऊ द्या!"

हे वळले. मला वाटलं रागावतील. ह्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

तिच्या पायात पट्टे बसेनात, म्हणून तिनं रिकामं पोतं घेतलं. वर चढली, पोत्यावर बसली, लुगडं दोन्ही मांड्यांखाली आवळलं आणि खाली आली ती थेट पोत्यांच्या ढिगात. मग बाकीच्या बाया थांबल्या नाहीत. शिवणकाम जागच्या जागी राहिलं.

"तू?" ह्यांनी मला विचारलं.

मी शाळेत शिकवणारी बाई. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "फळ्यांवरूनच," असं म्हणाले. पदर खोचला, कासोटा घट्ट केला. वर पोचेपर्यंत धाप लागली. ह्यांनी माझ्या पायांत पट्टे बांधले. "गुडघे वाकव. पायाकडं पाहू नको. पुढं पाह्य."

मी पुढं पाहिलं. पत्र्याची छपरं दिसत होती, पलीकडं पुसदकडे जाणारा रस्ता, त्यावर एक गाडी. मग फळ्या सुटल्या आणि सगळं माझ्याकडे यायला लागलं. मी मोठ्यानं ओरडले. मुकादमबाई पुढं कितीतरी वर्षं सांगायची, की मी आईला हाक मारली. मधेच मी पडले, उरलेला उतार लोळत आले, नाकातोंडात सरकी गेली. उठून बसले तेव्हा मला इतकं हसू येत होतं की उभं राहता येईना. लग्न, शाळा, सासर, सगळं कोणीतरी ठरवून दिलं होतं. हे मात्र मला कोणीच करायला सांगितलेलं नव्हतं.

मी पुन्हा वर चढत होते तेव्हा शेठजी आले.

ढिगाचा एक अख्खा कोपरा आवारभर पसरला होता. बाया जिथल्या तिथं थिजल्या. हे फौजेतल्यासारखे ताठ उभे राहिले.

"हे काय चाललंय?" शेठजींनी विचारलं.

"ढीग गरम नाई, शेठजी," हे म्हणाले.

शेठजींनी फळ्यांकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांची नात माझ्याच वर्गात होती. त्यांनी मला नमस्कार केला. केसांत सरकी घेऊन मीही नमस्कार केला. "सगळं जसं होतं तसं करा," एवढंच बोलून ते आत गेले. दिवस मावळेपर्यंत आम्ही सगळे फावड्यांनी सरकी वर ओढत होतो. खाली आणायला लागलेल्या वेळाच्या मानानं वर न्यायला फारच वेळ लागतो, हे त्या दिवशी बायांना कळलं.

घसरणं बंद झालं. ते पुन्हा सुरू झालं मुकादमबाईमुळे. मोसम संपला की सरकी पोत्यांत भरून तेलाच्या घाण्याला पाठवायची असे, आणि त्यासाठी ढीग खाली ओढावाच लागे. ती शेठजींपुढं उभी राहून म्हणाली, "ओढन्यापरीस घसरून आनतो. तुमचं काय जाते?" शेठजींनी मान डोलावली. तेव्हापासून दर वर्षी मोसमाच्या शेवटी एक दिवस आमचा असे.

जागा म्हणून त्या ढिगात खोट होती. वर जायची काही सोय नव्हती. नंतर दोन दिवस खोकला यायचा. आंघोळीनंतरही कानातून सरकी निघायची. पण चढायला वेळ लागे, आणि चढताना हे बोलायचे. त्या पंजाबी मित्राबद्दल, थोडं थोडं. त्याला वांग्याची भाजी आवडायची नाही. तो घोरायचा. त्याच्या गावाजवळून एक मोठी नदी जायची आणि तिच्या पाण्याची तो सारखी बढाई मारायचा. घरी ह्यातलं काही निघत नसे. ढिगावर, धापा टाकत, निघायचं.

पुढं शेठजींनी सरकीसाठी पत्र्याचं गोदाम बांधलं आणि आवारात ढीग राहिला नाही. त्याच वर्षी आम्हाला मुलगी झाली. बारशाच्या आधी नावाची गोष्ट निघाली तेव्हा ह्यांनी एक नाव सांगितलं. आमच्या आळीत ते कोणी ऐकलेलं नव्हतं.

"हे कोनाचं नाव?" सासूबाईंनी विचारलं.

"नदीचं हाय, माय. पंजाबाकडची."

सासूबाईंनी ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जीभ नीट वळेना, पण सोडलं नाही.

"पानी असते का तिले उन्हाळ्यात?"

"बाराही महिने," हे म्हणाले.

"मंग ठेवा," सासूबाई म्हणाल्या.