कॅनडातला पांढऱ्या कडांचा बांबू

जानेवारीतल्या एका रविवारी मला कॅनडातून बांबूचा फोटो आला. बर्फातली बाग, त्यात पांढऱ्या कडांची पानं. पाठवणारा मुलगा मूळ धुळ्याचा... दोंडाईच्याच्या मावशीने आणलेलं स्थळ.

"तुमचा विषय आहे ना? हा कुठला व्हेरिगेटेड बांबू, सांगाल का?" व्हेरिगेटेड म्हणजे मुळातच दुरंगी पानांचा. आधीच्या घरमालकाने लावलेला, नाव कोणालाच माहीत नाही, असंही त्याने लिहिलं होतं.

मी जळगावला केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये काम करते. आजवरच्या स्थळांनी पगार विचारला, स्वयंपाक विचारला, नोकरी सोडणार का ते विचारलं... माझ्या कामातलं काही विचारणारा हा पहिलाच. मला तो आवडायला लागला होता.

बांबू नुसत्या पानावरून ओळखता येत नाही. म्हणून मी विचारत गेले. पेरापाशी फांद्या किती? उंची किती? कोवळ्या काठीवरच्या वेष्टनाचा फोटो मिळेल का? त्याने सगळं पाठवलं आणि खाली लिहिलं, "मॅडम, व्हायवा कधी संपणार?" मला तो विनोद वाटला.

पेराला एकच फांदी, कमरेएवढी उंची, रुंद पानं. पांढरेपणा मात्र फक्त कडेला. पांढरे पट्टे आलेली केळीची रोपं आम्ही लॅबमध्ये निवडून बाजूला काढतो. ते पट्टे पानभर कसेही धावतात, आणि पान उलगडतं तेव्हापासून असतात. मी उन्हाळ्यातला फोटो मागितला... जुलैत तीच झुडपं पूर्ण हिरवी होती.

मी लिहिलं, "हा बहुधा सासा गटातला बांबू. व्हेरिगेटेड नाही. थंडीत पानांच्या कडा वाळतात. तो रंग नाही, मेलेला भाग आहे. फोटोवरून केलेला हा अंदाज आहे, खात्री नाही."

निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. पाहुण्यांना तो हे झाड 'रेअर' म्हणून दाखवायचा, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी मावशीचा फोन. "मुलाच्या आईने नकार कळवला. म्हने, पोरगी हुशार शे, पन पोऱ्यानी परीक्षा ली ऱ्हायनी. अन् त्यांच्या घरचं झाड मेलेलं आहे म्हणालीस?" मी मुलाचीच परीक्षा घेते, ही त्यांची तक्रार.

"झाड नाही मावशी. पानाची कड."

"देख, परत तेच. बठ्ठं, सगळं जमेल व्हतं, माय. छान शे म्हनी देती, ते तुनं काय जातं व्हतं?"

मी फोन आईकडे दिला. आई माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली.

परवा बागकामाच्या एका ग्रुपवर त्याची पोस्ट दिसली. तोच बांबू, जानेवारी आणि जुलैचे फोटो शेजारी-शेजारी, खाली माझंच स्पष्टीकरण इंग्रजीत. 'थोडा अभ्यास करून शोधलं,' असं वर लिहिलेलं. लोक कौतुक करत होते. माझी शेवटची ओळ तेवढी त्याने गाळली होती... अंदाज आहे, खात्री नाही.

मी कमेंट केली नाही.

नकाराचं वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण ज्याला ती एक ओळ नकोशी झाली, त्याच्याशी मी रोज काय बोलले असते, असं मनात येतं... आणि मग थोडं हायसं वाटतं. थोडंच.